लाकडाच्या पेटीतले बूट

ओलं चामडं तापल्यावर येतो तो वास.

बाकं वाजवायची असतील तर अंगठी काढून ठेवावी. पुरुषांना हे सांगावं लागत नाही, त्यांचे तळवे रुंद असतात.

एका घरात दात घासायचे किती ब्रश असावेत याबद्दल सरकारचं काही एक मत असतं.

"पोट बिघडलं म्हण. बायकांचं पोट कधीही बिघडतं, कोणी पुढे विचारत नाही."

नाताळ दोनदा येतो. आधी इंग्रजांचा, मग तेरा दिवसांनी आपला, जुन्या पंचांगाप्रमाणे. आपल्याच्या आदल्या दिवशी जमीन घासायची.

घंटा.

घंटा वाजायला लागली तेव्हा डारिया हुमेनियुकच्या हातात कुणा पुरुषाचे बूट होते आणि ती ते बेसिनखालच्या कपाटात ठेवायला वाकली होती. घंटा वाजली नसती तर हे तिला कळलंही नसतं. ती आत आली होती, हात धुतले होते, आरशात बघून ओठांचा रंग नीट केला होता. हीटरवर कुणाचे तरी कामाचे बूट उपडे घालून ठेवलेले दिसले होते. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाचे असतील. तळमजल्यावरचा हा हीटर सगळ्या इमारतीत चांगला तापतो हे त्यालाच ठाऊक असणार. दिसले होते, इतकंच. त्यानंतरचा एक तुकडा नाहीच. एकदम घंटा, कपाटाचं उघडं दार, बोटांना वितळलेल्या बर्फाचा चिखल आणि छाती अशी धडधडतेय की जणू कोणी दार ठोठावलं होतं.

"बूट पळवायची वेळ आली का तुमच्या पक्षावर?" मागून थोरा म्हणाली.

थोरा फिनसन समोरच्या बाकांवरची. विरोधी पक्षाची, सत्तरीला आलेली, तलावाकाठच्या मासेमारांच्या मतदारसंघातून चौथ्यांदा निवडून आलेली. सभागृहात बायका दोनच, ती आणि डारिया. वरच्या मजल्यावर सभागृहाला लागून संगमरवरी स्वच्छतागृह आहे, ते पुरुषांचं. या दोघींनी दोन जिने उतरून टंकलेखिकांच्या स्वच्छतागृहात यायचं. त्यामुळे वर एकमेकींना तोडून बोलणाऱ्या या दोघी इथे एकमेकींना सुई-दोरा देतात, डोकेदुखीची गोळी देतात, आणि कधी कधी खरं बोलतात.

"वाळत घातलेत कोणी तरी," डारिया म्हणाली. बूट अजून तिच्या हातात होते.

"ते दिसतंय. तू ते आत का कोंबतेयस ते विचारतेय मी."

डारियाने बुटांकडे बघितलं. तिला खरंच माहीत नव्हतं, किंवा हाताला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

"बरं, ऐक," थोरा आरशात बघत केसांत पिना खोचत म्हणाली. "आमच्या लोकांना त्या बायकांचं काय पडलंय असं समजू नकोस. दुरुस्ती आम्ही आणली ती तुमचं सरकार पडावं म्हणून. आमचे सगळे आज रडवेले चेहरे करून उभे राहतील, आणि त्यातल्या निम्म्यांनी हेच कलम मागच्या वेळी बाकं वाजवून पास केलंय. मीसुद्धा."

"तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा गं. मला वाटलं होतं, आहे एक नियम, असेल काही कारण."

घंटा चालूच होती. ती अशीच चालते. मतदान पुकारलं की घंटा, आणि दोन्ही पक्षांचे प्रतोद शेजारी शेजारी चालत सभागृहात शिरेपर्यंत ती थांबत नाही. दोघांपैकी एकाला माणसं जमवायला वेळ हवा असेल तर तो येत नाही, आणि मग घंटा वाजत राहते, भिंतींतून, नळांतून, दातांतून. आज वेळ हवा होता तो डारियाच्या पक्षाच्या प्रतोदाला, आणि त्याला जमवायचं होतं एकच माणूस. सरकारचं बहुमत एकाचं. मातांच्या भत्त्याचं विधेयक सरकारचंच, आणि त्यात जुनं कलम जसंच्या तसं ठेवलेलं: नवरा नसलेल्या, भत्त्यावर जगणाऱ्या बाईच्या घरात पुरुष राहताना आढळला, तर तो तिला पोसतो असं धरून भत्ता बंद. विरोधकांनी ते कलम गाळायची दुरुस्ती आणली. डारिया त्यांच्या बाजूने उभी राहिली तर कलम पडतं. ती नुसती गैरहजर राहिली तर समान मतं, आणि समान मतं पडली की अध्यक्ष जे आहे ते आहे तसं राहू देतात. म्हणजे लपून बसणं हेही मतच होतं. ते मोजलं जात नाही एवढंच.

आणि कलम पडलं तर मुख्यमंत्री राजीनामा देणार, असं त्यांनी काल वर्तमानपत्रात म्हणून टाकलं होतं. म्हणजे निवडणूक. म्हणजे वसंतात येणारं पाळणाघरांचं विधेयक गेलं, जे डारियाने दोन हिवाळे खपून, गावोगावच्या चर्चच्या तळघरांत बायकांसमोर बसून, कापड गिरणीच्या फाटकात थंडीने पाय बधिर होईपर्यंत उभं राहून तयार केलं होतं. कामाची पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायका तिला विचारायच्या, कधी होणार? ती म्हणायची, वसंतात. तिच्याच पक्षातल्या ग्रामीण आमदारांनी सौदा केला होता: तुमची पाळणाघरं घ्या, आमचं कलम राहू द्या. आमच्याकडे लोकांना आवडत नाही, सरकारच्या पैशावर कोणाच्या तरी मिशीला लोणी.

दारावर टकटक झाली. हळू. सभ्य.

"डारिया? आत आहेस का पोरी?"

प्रतोद. लॉर्न कॅथकार्ट. थोराने पटकन ओठांवर बोट ठेवलं, शेवटच्या संडासात शिरली, आणि कडी न लावता उभी राहिली. डोळे चमकत होते तिचे, शाळेतल्या मुलीसारखे.

"आहे," डारिया म्हणाली.

"मी काही आत येत नाही, घाबरू नकोस." दाराबाहेर तो हसला. चांगला माणूस होता लॉर्न. तिच्या पहिल्या निवडणुकीत त्याने स्वतःच्या गाडीतून तिला खेडोपाडी फिरवलं होतं, बर्फात अडकलेली गाडी दोघांनी मिळून ढकलली होती. "हे बघ, मी तुला आपल्या बाजूने मत दे असंही सांगत नाही. मला माहितीये तुला ते कलम टोचतं. बायकांना टोचणारच. तू फक्त वर येऊ नकोस. पोट बिघडलं म्हण. बायकांचं पोट कधीही बिघडतं, कोणी पुढे विचारत नाही. इथेच बस, पाय वर करून बस. घंटा थांबली की झालं. तुझ्या नावावर काहीही लागत नाही. एक घास गिळ आणि वसंतात शंभर पाळणाघरं घे. सौदा वाईट आहे का?"

सौदा वाईट नव्हता. हीच तर गोम होती. डारियाने बूट छातीशी धरले होते आणि त्यांचा वास येत होता, ओलं चामडं, तापलेलं, आणि त्याखाली माणसाच्या पायाचा. हा वास घरात असायचा तेव्हा घर गरम असायचं. आईकडे येणारा ओस्टाप कोळसा आणायचा. खिडकीच्या फटींत कापसाचे बोळे बसवायचा. तिचे बाबा रेल्वेच्या यार्डात दोन डब्यांच्या मध्ये सापडून मेले तेव्हा ती सहा वर्षांची होती, त्यामुळे पुरुषाच्या बुटांचा वास म्हणजे तिला ओस्टापच्याच बुटांचा. तो आला की आई दारातच त्याचे बूट उचलायची. बोलणं चालू, हसणं चालू, आणि हात मात्र खाली जाऊन बूट उचलणार, चुलीमागच्या लाकडाच्या पेटीत घालणार, झाकण लावणार. पेटीच्या तळाला वर्तमानपत्र. दारापाशी चटईवर उरायचे फक्त आईचे, डारियाचे आणि धाकट्या बहिणीचे, स्लाव्काचे. आमच्या नॉर्थ एंड वस्तीत घरात कोण आहे ते दारापाशी कळतं, कारण बूट घालून कोणीच आत येत नाही. भत्त्याच्या खात्याचे इन्स्पेक्टर येत. त्यांना ते चालायचं. तांबड्या नाकाचे, कोणाशी न बोलणारे, घासलेल्या जमिनीवरून बर्फ तुडवत थेट आतल्या खोलीत जायचे, पलंगावरची उशी उचलून बघायचे, ब्रश मोजायचे. एकाने एकदा डारियाला विचारलं होतं, "बाळ, रात्री घोरतं कोण?" तिने सांगितलं, स्लाव्का. स्लाव्का खरंच घोरायची.

पण त्या वर्षी आपल्या नाताळच्या आदल्या दिवशी आला तो नवा होता. तरुण, चष्म्याचा. दार उघडल्यावर त्याने आधी जमिनीकडे बघितलं. आईने ती सकाळपासून गुडघ्यांवर बसून घासली होती, सोडा घालून, लाकडाच्या रेषा उमटेपर्यंत. तो म्हणाला, "अरेरे, हे मी घाण नाही करणार," आणि वाकून बूट काढले. सरकारी माणूस आमच्या घरात मोज्यांवर आला. एका मोज्याला अंगठ्यापाशी रफू होतं. आईला काय करावं सुचेना, तिने एप्रनला हात पुसले, "या या, बसा" म्हणाली, आणि डारियाने बघितलं.

बघितलं की आई बोलतेय, चहाचं विचारतेय, आणि हात खाली गेला आहे.

तो आतल्या खोलीत होता. त्याने कपाट उघडलं, बंद केलं. टेबलाजवळ आला. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली रिवाजाप्रमाणे वाळलेलं गवत पसरलेलं, बिटाच्या सारासाठी वाट्या मांडलेल्या, आणि चौथं ताट.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

"मेलेल्याचं," आई म्हणाली. "आमच्यात मांडतात."

"हो, मला सांगितलंय कोणी तरी," तो म्हणाला, आणि टोपी नसताना टोपी काढल्यासारखा हात कपाळाशी नेला. बसला. चहा प्यायला. स्लाव्काला नाव विचारलं. स्लाव्काने खसखशीची भाकरी दिली ती खाल्ली. त्याच्या चेहऱ्यावर असं दिसत होतं की हे काम वाटतं तितकं वाईट नाही. "सगळं ठीक आहे, मिसेस हुमेनियुक. मी तसं कळवतो. तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा. तुमच्या नाताळच्या." तो उठला, दाराशी गेला, आणि चटईकडे बघत उभा राहिला. चटईवर आईचे, डारियाचे आणि स्लाव्काचे.

आई स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"माझे बूट?" तो म्हणाला. तेही रागाने नाही. मुलांनी गंमत केली असेल असं वाटून तो डारियाकडे बघून थोडासा हसलाही. मग त्याला जमिनीवर थेंब दिसले. दारापासून चुलीपर्यंत, घासलेल्या लाकडावर, स्वच्छ, एकेक. तो मोज्यांवर त्या थेंबांवरून चालत गेला. झाकण उचललं. आपले बूट काढले आणि ते काढल्यावर खालच्या वर्तमानपत्राकडे बघत राहिला. त्यावर तळव्यांचे डाग होते, एकावर एक, जुने, सुकलेले, त्याच्या बुटांपेक्षा मोठे.

"तुमचा हात सरावलेला आहे, मिसेस हुमेनियुक," तो म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. चांगला माणूस होता. त्याचाच घोळ झाला. तांबड्या नाकाचा असता तर बूट घालूनच आत आला असता.

डारियाच्या तोंडात तेव्हा एक वाक्य होतं. छोटं, खरं. आईने नुसत्या नजरेने ते परत आत ढकललं, कारण ते बोलणं म्हणजे बाकीचं सगळं कबूल करणं. तो स्टुलावर बसून बूट घालेपर्यंत वाक्य तिच्या जिभेवर होतं. त्याने नाड्या बांधल्या. एक नाडी तुटली. तो गेला. भत्ता बंद झाला. आई कत्तलखान्यात डुकरांची आतडी धुवायला लागली, रात्रपाळीला, आणि रात्री दोन मुली एकट्या घरात ठेवता येत नाहीत असंही सरकारचं एक मत होतं, म्हणून स्लाव्काला मावशीच्या शेतावर पाठवलं. थोड्या दिवसांसाठी. ती परत आली ती नेहमी पाहुणी म्हणून. चटईवर बूट काढताना विचारायची, इथे ठेवू का? पाळणाघर असतं तर. हे डारियाने किती भाषणांत सांगितलं, नावं न घेता, एका बाईची गोष्ट म्हणून. पेटीचं कधी नाही सांगितलं. काल आईचा फोन आला. आई शुक्रवारी चर्चच्या तळघरात इतर म्हाताऱ्यांबरोबर बटाट्याच्या सारणाच्या पिरोग्या वळते. तिथे चर्चा झाली असणार. "तू त्या कलमाला उभी राहू नकोस हं," आई म्हणाली. "लोक विचारतील, हिला एवढं कसं ठाऊक? उंबऱ्याच्या आतलं आत बरं." आणि मग जरा थांबून, "तुझी पाळणाघरं होऊ देत. चांगलं काम आहे ते."

घंटा. घंटेला मधे श्वास नसतो. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता आणि घंटेने थरथरत होता, पडत नव्हता.

"डारिया," दाराबाहेरून लॉर्न म्हणाला, "काही तरी बोल पोरी. समोरचा प्रतोद वर घड्याळ बघतोय. मी जाऊन सांगू ना, की तुझी तब्येत ठीक नाही?"

इथेच बस. पाय वर करून बस. झाकण लाव. तिने कपाटाचं उघडं दार बघितलं. आत अंधार, फिनाइलची बाटली, फडकी. बूट अगदी बसले असते. तिला वाटलं, मी बसले असते.

तिने दार उघडलं.

लॉर्नने आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातांकडे. हातात पुरुषाचे बूट. त्याचा चेहरा बदलला. अगदी थोडा, आणि स्वतःला न कळता. त्याची मान तिच्या खांद्यावरून आत वळली.

"आत कोण आहे?" तो म्हणाला.

जिन्यावर कोणी तरी धावत वर गेलं. लॉर्नच्या डोळ्यांत संशय नव्हताच खरं तर. त्याला तिच्याबद्दल माया होती. पण डोळे आत शोधत होते, हीटरपाशी, संडासांच्या दारांखाली, पाय दिसतात का. झडती घेतली नव्हती त्याने, बघितलं होतं फक्त. आणि डारियाला शपथेवर सांगावंसं वाटलं, कोणी नाही, बघा हवं तर, कपाट उघडा, उशी उचला. ती सत्तेचाळीस वर्षांची होती, आमदार होती, आणि हातात बूट होते म्हणून उत्तर देणं लागत होती.

"मी आहे, लॉर्न," आतून थोरा ओरडली. "दाढी करतेय. साबण सांडेल, दार लाव."

लॉर्न लालबुंद झाला. "अगं, मी सहज विचारलं," तो डारियाला म्हणाला. "मनात काही नव्हतं माझ्या."

"माहितीये," डारिया म्हणाली. "कोणाच्याच नसतं."

ती वाकली आणि बूट कॉरिडॉरमध्ये दारापाशी ठेवले. नीट, शेजारी शेजारी, टोकं बाहेर करून, पाहुण्याला जाताना सोपं पडावं तसे. मग जिन्याकडे वळली. लॉर्न तिच्याबरोबर दोन-तीन पायऱ्या चालला, काही तरी म्हणत होता, पाळणाघरं, वसंत, आपली इतक्या वर्षांची ओळख, "तू माझ्याशी असं वागणार नाहीस." ती म्हणाली, "लॉर्न, तुमच्याशी काही वैर नाही हो माझं," आणि ते खरं होतं, आणि त्यामुळे तो जास्तच दुखावला.

वर सभागृहात सगळे बसलेले. तिची खुर्ची दुसऱ्या रांगेत, मुख्यमंत्र्यांच्या डाव्या खांद्यामागे. ती बसली. शेजारच्याने तिच्याकडे पेपरमिंटची गोळी सरकवली, नेहमीसारखी. घंटा वाजत होती, आणि मग दोन्ही प्रतोद दारातून आत आले, शेजारी शेजारी, पाय जुळवून, एकमेकांकडे न बघता, आणि घंटा थांबली. थांबली तेव्हा कळलं की किती मोठी होती. अध्यक्षांनी दुरुस्तीच्या बाजूच्यांनी उभं राहावं असं सांगितलं. समोरची रांग उठायला लागली, एकेक जण, सचिव एकेक नाव पुकारतायत, नाव पुकारलं की तो बसतो. रडवेले चेहरे. थोरा धापा टाकत शेवटी आत आली होती, पिना विस्कटलेल्या. तिचं नाव झालं. समोरचं शेवटचं नाव झालं. सचिवांनी कागदावरचा हात दुसऱ्या पानाकडे नेला. या बाजूला कोणी हललं नाही. डारियाच्या बोटांना अजून चिखल होता, नखांच्या कडांना. तिने हात टेबलावर ठेवले. हात काय करतील याचा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिने ते बघत राहायचं ठरवलं, आणि ते बघत असतानाच तिचे गुडघे सरळ झाले.

सचिवांनी चष्मा वर केला. मुख्यमंत्र्यांचा खांदा वळला नाही. पेपरमिंटची गोळी तिच्या टेबलावरून घरंगळत खाली पडली, आणि लाकडी जमिनीवर लांबवर जातानाचा तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मिस हुमेनियुक," सचिवांनी पुकारलं.

कोणी बाकं वाजवली नाहीत. समोरूनसुद्धा नाहीत, त्यांना जिंकल्याचं कळायला वेळ लागला. मग एकाच तळव्याचा आवाज आला, अंगठी लाकडावर आपटल्याचा.

कलम पडलं. निवडणूक जूनमध्ये झाली. पाळणाघरांचं विधेयक छापून तयार होतं, ते तसंच राहिलं. डारियाला उमेदवारी मिळाली नाही. गिरणीच्या फाटकात एका बाईने तिला विचारलं, वसंत गेला की हो. आणि त्याच फाटकात दुसऱ्या एकीने तिचा हात हातात घेतला आणि सोडला. वार्ताहरांनी विचारलं, का? तिने सांगितलं, आईची आणि पेटीची गोष्ट, पहिल्यांदा, नावं घेऊन. ती छापून आली त्या दिवशी आईचा फोन आला. मग आईने विचारलं, जेवलीस का. डारिया म्हणाली, हो. आई म्हणाली, काय?

तो चष्म्याचा इन्स्पेक्टर आला त्याच्या आदल्या महिन्यातच ओस्टाप उत्तरेला खाणीवर निघून गेला होता आणि घरात कोणीही पुरुष नव्हता.